उसाची नोंद शेजाऱ्याच्या विहिरीत! मोबाईलच्या जीपीएसची अचूकता वाढवायची कशी?

बांधावरची_बाभळ
नमस्कार मंडळी. रान कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, वीस गुंठ्यांचा तुकडा. कारखान्याचा माणूस उसाची नोंद घ्यायला आला होता. मोबाईल हातात धरून चारी कोपऱ्यांवर उभारला, बटण दाबलं, ॲपमध्ये रान उमटलं. क्षेत्र जवळजवळ बरोबर आलं. पण खाली उपग्रहाचा फोटो असतो, त्यावर बघतोय तर आमचा पूर्वेचा बांध शेजाऱ्याच्या विहिरीतनं गेलाय, आणि पश्चिमेला आमच्याच सऱ्या नोंदीच्या बाहेर!

शेजाऱ्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. "विहीर तुमच्यात दाखवतीय, मग मोटरीचं बिल पण तुम्हीच भरा" म्हणतोय. चेष्टेत म्हणतोय, पण बांधाचा विषय चेष्टेत सुरू होऊन पुढं कुठं जातो ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. क्षेत्र बरोबर आणि जागा चुकीची, हे कसं काय? फोन बदलून उपयोग होईल का? जीपीएससारखी आपली देशी उपग्रह यंत्रणा, नाविक, असताना हे असं का? आणि सरकारी मोजणीवाले रोव्हर घेऊन येतात त्यात असं वेगळं काय असतं?

झणझणीत_कट
विहिरीला पाणी असलं तर नोंद तशीच राहू दे भावा.

लहर_आणि_लांबी
बाभळदादा, आधी क्षेत्र बरोबर का आलं ते बघू. सगळी गोम तिथंच आहे.

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून मुख्यतः दोनच गोष्टी सांगत असतो: मी कुठं आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. फोन त्यावरून सिग्नलला यायला किती वेळ लागला ते काढतो, त्याला प्रकाशाच्या वेगानं गुणतो आणि अंतर मिळवतो. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं हातात आली की अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या स्वतःच्या घड्याळाची चूक, ही चार उत्तरं सुटतात. एका नॅनोसेकंदाची गडबड म्हणजे ३० सेंटिमीटर. उपग्रहावरची अणुघड्याळं सापेक्षतावादामुळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात. ते आधीच हिशोबात धरलंय म्हणून बरं, नाहीतर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साठली असती.

आता चूक येते कुठून? उपग्रहाच्या घड्याळात आणि कक्षेत थोडी. हवेच्या खालच्या थरात थोडी. सगळ्यात मोठा वाटा आयनोस्फिअरचा, म्हणजे वर शेकडो किलोमीटरवर सूर्यामुळं विद्युतभारित झालेल्या थराचा. सिग्नल तिथं रेंगाळतो. या तिन्ही चुकांची गंमत अशी की एकाच वेळी, जवळजवळच्या जागी उभ्या असलेल्या सगळ्यांना त्या जवळपास सारख्याच लागतात. तुमच्या चारी कोपऱ्यांना दहा मिनिटांच्या आत एकाच दिशेचा, एकाच मापाचा हिसका बसला. रान आहे तसं उचलून पूर्वेला ठेवलं गेलं. एसटी स्टँडवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असलं तरी दोन गाड्यांमधला वेळ त्यावर बरोबरच कळतो, तसं.

हेच चारी कोपऱ्यांना वेगवेगळ्या दिशांनी तीन-तीन मीटरचे हिसके बसले असते, तर वीस गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटरच्या रानात दीड-दोन गुंठ्यांचा फरक सहज पडला असता.

चूक सामाईक असते म्हणूनच ती काढता येते. ज्याची जागा आधीच अचूक माहीत आहे अशा ठिकाणी एक रिसीव्हर ठेवायचा. तो सांगतो, "आत्ता मला आकाश इतकं खोटं सांगतंय." तेवढं खोटं शेजारच्या रिसीव्हरनं आपल्या मापातून वजा करायचं. जहाजांसाठीचं डीजीपीएस म्हणा, विमानांसाठीचं गगन म्हणा, मोजणीवाल्यांचा रोव्हर म्हणा, सगळ्यांच्या मुळाशी हेच.

चौकातला_वाद
एवढं सगळं लिहिलंत पण मुख्य मुद्दा राहिला. अमेरिका मुद्दाम चूक घालून देते. चांगलं सैन्यासाठी, भेसळीचं आपल्याला.

लहर_आणि_लांबी
घालत होती. त्या प्रकाराला सिलेक्टिव्ह ॲव्हेलेबिलिटी म्हणायचे आणि त्यामुळं नागरी वापरात शंभर मीटरपर्यंत चूक यायची. २ मे २००० पासून ती बंद झाली. क्लिंटन यांचा आदेश होता. पुढं २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नव्या पिढीच्या जीपीएस-थ्री उपग्रहांवर ती सोयच नसेल.

त्या काळातली खरी मजा वेगळीच. अमेरिकेचं संरक्षण खातं सिग्नल बिघडवत होतं आणि त्याच अमेरिकेचं तटरक्षक दल जहाजांसाठी किनाऱ्यावर डीजीपीएसची केंद्रं उभारून तो बिघाड वजा करून देत होतं. मुद्दाम घातलेली चूकसुद्धा सगळ्यांना सारखीच लागायची ना. एका खात्यानं पाणी गढूळ करायचं आणि दुसऱ्यानं तुरटी फिरवायची. ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही.

धागा_सांभाळणारा
खात्यांवरची चर्चा इथंच थांबवू. जीपीएसवर बोला.

सांजप्रकाश
मी विद्यापीठात भौतिकशास्त्र केलंय म्हणून आयनोस्फिअरबद्दल थोडं. कारण आपल्या भागात ही भानगड युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे आणि आपल्याकडं मोबाईलची जाहिरात मात्र तिकडच्या अचूकतेची होते.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथला विद्युतभार वर उचलला जातो आणि उत्तर-दक्षिणेला पंधरा-वीस अंशांवर येऊन साठतो. भारताचा बराचसा भाग या साठ्याच्या खाली किंवा त्याच्या उतारावर आहे. साध्या फोनमध्ये आयनोस्फिअरचा अंदाज बांधणारं जे सूत्र उपग्रहाकडूनच येतं, ते जगभरासाठी एकच, मोजक्या आठ आकड्यांचं. त्यानं सरासरी निम्मीच चूक जाते. उरलेली निम्मी आपल्या वाट्याला.

दिवसातली सगळ्यात वाईट वेळ दुपारची. दुपारी एक-दोनच्या पुढं विलंब सर्वात जास्त असतो. पण सूर्य मावळल्यावर वेगळंच सुरू होतं. खालून विरळ भागाचे बुडबुडे वर चढतात, त्यांच्या कडांवर सिग्नल थरथरतो आणि कधीकधी उपग्रह एकामागोमाग एक सुटत जातात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यातही सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, हे जास्त. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथं वरच्या वातावरणातले वारे मोजणारं रडार आहे आणि रात्रीच्या आकाशाचा अतिशय मंद तांबडा उजेड टिपणारी उपकरणंही होती. त्या उजेडात हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे पूर्वेकडं सरकताना दिसतात. म्हणजे ज्या गोष्टीमुळं बाभळदादांचं रान हललं, तिचा अभ्यास त्यांच्या रानापासून फार लांब नाही चाललेला.

त्यामुळं सकाळी आठ-नऊच्या सुमारास मोजा, असं मी सांगेन. फुकटचा उपाय आहे.

बांधावरची_बाभळ
ताई, भारी माहिती. आमच्याकडं माणूस दुपारी दोनला आला होता! मग ही आयनोस्फिअरची चूक फोनमध्येच कापता येत नाही का?

सांजप्रकाश
येते. दोन फ्रिक्वेन्सी लागतात. आयनोस्फिअरमधला विलंब फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकाच उपग्रहाचे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल मोजले की त्यांच्यातल्या फरकावरून विलंब किती ते जागेवरच कळतं. अंदाजाची गरज नाही. जुना नागरी सिग्नल एल-वन १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, नवा एल-फाइव्ह ११७६.४५ वर. २०१८ मध्ये शाओमीचा मी-८ हा असा पहिला फोन आला. आता मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ही सोय आहे, पण सगळ्यात नाही. खोक्यावर "जीपीएस" एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून कळत नाही. जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप टाका, मोकळ्या आभाळाखाली उभं राहा आणि यादीत एल-फाइव्ह दिसतंय का बघा.

महाद्वार_गल्ली
आमचं दुखणं वेगळं आहे. दुकान महाद्वार रोडच्या आतल्या बोळात. पार्सलवाला पोरगा दर वेळी मागच्या गल्लीत उभारून फोन करतो. माझ्या फोनमध्ये एल-फाइव्ह दिसतं, तरी दुकानात उभारलो की निळा ठिपका कधी देवळाकडं, कधी जोतिबा रोडला. वर जे सगळं वजा करायचं सांगताय ते आमच्याकडं चालंल का?

लहर_आणि_लांबी
नाही चालणार, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. कारण दुरुस्ती सेवा विकणारे ते सांगत नाहीत. तुमची चूक सामाईक नाही. समोरच्या तीन मजली भिंतीवर आपटून सिग्नल तुमच्याकडं लांबच्या वाटेनं येतोय आणि सरळ येणारा उपग्रह भिंतीमागं लपलाय. चार पावलं पुढं गेलात की ही चूक बदलते. जगातलं कुठलंही केंद्र तिचा आकडा तुम्हाला पाठवू शकत नाही.

एल-फाइव्हनं थोडा फरक मात्र पडतो आणि तो वेगळ्या कारणानं. जुन्या सिग्नलवर चढवलेल्या शून्य-एकच्या सांकेतिक माळेतला एक तुकडा सुमारे २९३ मीटर लांबीचा, एल-फाइव्हचा त्याच्या दहाव्या हिश्शाचा. तुकडा आखूड असला की सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखता येतात. पण सरळ येणाराच नसेल तर ओळखणार कुणाला?

बोळात दिशाही एकाच पट्टीतल्या मिळतात. तुमचा बोळ पूर्व-पश्चिम असेल तर वर दिसणारी आकाशाची चीर पण पूर्व-पश्चिम. मग बोळाच्या आडव्या दिशेला, म्हणजे नेमकं मागच्या गल्लीच्या बाजूला, ठिपका सैल पडतो. सगळे उपग्रह एका बाजूला दाटले की चुकीचा गुणाकार होतो. सर्व्हेवाले त्या आकड्याला डीओपी म्हणतात.

झणझणीत_कट
म्हणजे पार्सलवाल्याला "सराफ कट्ट्यापाशी ये, तिथनं कुणालाही विचार" हीच दुरुस्ती सेवा.

साखळी_आणि_टिपण
मोजणीच्या कामात हयात गेली, आता निवृत्त आहे. बाभळराव, मला एक सांगा, तुम्ही ज्या फोटोवर बघितलंत तो फोटो बरोबर जागेवर आहे हे कुणी सांगितलं?

उपग्रहाचा किंवा विमानाचा फोटो नकाशावर बसवताना तोही काही मीटर सरकलेला असू शकतो. चढ-उताराच्या भागात जास्त. एकाच ॲपमध्ये दोन वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा फोटो उघडून बघा, विहीर हललेली दिसेल. तुमच्याकडं दोन चुका एकत्र दिसतायत: वरच्या रेघेची आणि खालच्या चित्राची. सगळा दोष फोनच्या डोक्यावर टाकू नका.

दुसरं म्हणजे गावनकाशा. आपल्याकडची मूळ मोजणी साखळीची. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे माप तिथलंच. टिपणं हातानं काढलेली, पुढं एकत्रीकरणात गट पडले, मग पोटहिस्से. ते कागद स्कॅन करून फोटोवर ताणून बसवले की पडद्यावर छान दिसतात. पण बांध त्यावरून ठरत नाही. ऑनलाईन भूनकाशावर बोट ठेवून भांडणारे लोक मी कार्यालयाच्या व्हरांड्यात रोज बघितलेत.

रोव्हरचं म्हणाल तर ते साधन चांगलंच आहे. प्लेन टेबलच्या काळात एका गटाला दिवस जायचा, उसात तर माणूस माणसाला दिसायचा नाही. आता दांड्यावर रोव्हर धरला की काही क्षणात दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बिंदू मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यभर कायमस्वरूपी संदर्भ केंद्रं बसवलीत, सीओआरएस म्हणतात त्यांना. तिथून इंटरनेटवर दुरुस्ती येत राहते. स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोन सर्वेक्षण झालं त्यालाही याच केंद्रांचा आधार होता.

पण ध्यानात ठेवा, रोव्हर तुम्हाला तुम्ही कुठं उभे आहात ते सांगतो. हद्द कुठं आहे ते सांगत नाही. हद्द अभिलेखात असते, ती जमिनीवर उतरवून द्यायचं काम भूकरमापकाचं. हद्दकायम मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात, मोजणीनंतर क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळते. शेजाऱ्याशी बोलायचं तर ती हातात धरून बोला.

गच्चीवरचा_अँटेना
काकांशी सहमत. पण कायदेशीर हद्द बाजूला ठेवून कुणाला स्वतःच्या कामासाठी, ठिबकची लाईन, ड्रोनची फवारणी, बोअर, पाईपलाईन कुठं गाडली त्याची नोंद, यासाठी सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर आता ती आवाक्यात आहे. मी राजारामपुरीत गच्चीवर स्वतःचं बेस स्टेशन, म्हणजे दुरुस्ती पाठवणारा एका जागी बसवलेला रिसीव्हर, लावलंय, त्यावरून सांगतो.

साधा फोन सिग्नलमधली सांकेतिक माळ मोजतो. आरटीके रिसीव्हर, म्हणजे रोव्हरमधली जागच्या जागी दुरुस्ती घेणारी पद्धत वापरणारा, त्याखालची वाहक लहरच मोजतो. एल-वनची लहर १९ सेंटिमीटर लांबीची. तिचा शंभरावा भाग सहज वाचता येतो, म्हणजे मिलिमीटरची गोष्ट झाली. अडचण एकच: लहरीचा तुकडा दिसतो, पण उपग्रहापासून इथपर्यंत पूर्ण लहरी किती झाल्या ते लिहिलेलं नसतं. तो पूर्णांक शोधायचा म्हणजे सगळा खटाटोप. पडद्यावर आधी "फ्लोट" दिसतं, पूर्णांक सापडला की "फिक्स" होतं. फ्लोट असताना बिंदू घेऊ नका, तिथंच लोक फसतात. झाडाखाली गेलात, क्षणभर सिग्नल तुटला, की मोजदाद परत पहिल्यापासून.

पूर्वी असा संच फक्त सर्व्हेवाल्यांना परवडायचा. आता दोन फ्रिक्वेन्सीचे बोर्ड, उदाहरणार्थ यू-ब्लॉक्सचा एफ-नाइन-पी, हौशी माणूस घेऊ शकतो. एक बोर्ड गच्चीवर, एक दांड्यावर. गच्चीवरचा इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवतो, दांड्यावरचा फोनच्या हॉटस्पॉटवर ती घेतो. बेसपासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते, दर दहा किलोमीटरला साधारण एक सेंटिमीटर. लांब गेलं की दोघांच्या डोक्यावरचं आयनोस्फिअर वेगळं व्हायला लागतं. गोकुळ शिरगावपर्यंत माझं काम चोख चालतं. पन्हाळ्याला जाताना फिक्स व्हायला वेळ लागतो.

गच्चीची स्वतःची अचूक जागा कशी काढायची, हा पुढचा प्रश्न. चोवीस तास नोंद चालू ठेवायची आणि ती फाईल कॅनडाच्या सरकारी पीपीपी सेवेला, म्हणजे एकट्या रिसीव्हरच्या नोंदीवरून अचूक जागा काढून देणाऱ्या सेवेला, पाठवायची. फुकट आहे. तिकडून सेंटिमीटरमधलं उत्तर येतं. पण त्यासोबत तारीख लिहून ठेवा! भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकतोय. जागतिक चौकटीत मोजलेला आकडा वीस वर्षांनी मीटरभर शिळा होतो. रान जाग्यावर, आकडा हललेला.

बांधावरची_बाभळ
हे आमच्या आवाक्याबाहेरचं हाय दादा. वीस गुंठ्यांसाठी गच्चीवर अँटेना लावला तर घरातनं मलाच गच्चीवर पाठवतील. त्यापेक्षा गगन का काय म्हणतात ते सरकारचं फुकट हाय ना? ते फोनमध्ये कसं चालू करायचं?

लहर_आणि_लांबी
गगन फुकट आहे आणि चांगलं आहे, पण ते मुळात विमानांसाठी केलंय. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचं. देशभर पंधरा संदर्भ केंद्रं आकाशाकडं बघत असतात, बेंगळुरूत हिशोब होतो आणि दुरुस्ती जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवरून खाली येते. मघाशी ताईंनी सांगितलेल्या त्या साठ्यामुळं आयनोस्फिअर एकाच पातळ थरात धरण्याची परदेशी पद्धत इथं पुरेना, म्हणून अनेक थरांचं वेगळं मॉडेल करावं लागलं. २०१५ मध्ये विमान उतरवताना उंचीचंही मार्गदर्शन देण्यासाठी त्याला प्रमाणपत्र मिळालं. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारानं उतरवून दाखवलं.

विमानाला अचूकतेपेक्षा भरवसा जास्त लागतो. आकडा बिघडला तर काही सेकंदांत "माझ्यावर विसंबू नका" असा इशारा द्यायचं कामही गगन करतं. शेतात त्याचा उपयोग मीटर-दोन मीटरपर्यंत येण्याइतका. हातात धरायच्या जीपीएस यंत्रांत बहुधा "एसबीएएस" (गगनसारख्या यंत्रणांचं सामाईक नाव) किंवा "वास" (WAAS, तिची अमेरिकी आवृत्ती) नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. फोनमध्ये मात्र असं बटण नसतं. चिपनं ऐकलं तर ऐकलं.

चौकातला_वाद
आणि नाविक? सात उपग्रह सोडले, गाजावाजा झाला.

लहर_आणि_लांबी
पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. कल्पना उत्तम होती: भारत आणि भोवतालचा दीड हजार किलोमीटरचा पट्टा, उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, सतत आपल्याच टापूवर. पण परदेशातून घेतलेली रुबिडियम घड्याळं एकेक करून बंद पडत गेली, आणि घड्याळ गेलं की तो उपग्रह स्थान सांगायच्या कामाचा राहत नाही. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशी अणुघड्याळ बसवलं आणि फोनच्या चिपला सोपा जाणारा एल-वन सिग्नलही दिला. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये उडाला, पण ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. त्यामुळं आज नाविक हा जीपीएसला जोड म्हणून. एकट्याच्या जोरावर नाही.

तसंही एकाच देशाच्या उपग्रहांवर फोन आता चालतच नाही. जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू, सगळे मिळून मोकळ्या आभाळात तीस-चाळीस उपग्रह दिसतात. गॅलिलिओनं तर जानेवारी २०२३ पासून वीस सेंटिमीटरच्या आसपास अचूकता देणारी दुरुस्ती थेट उपग्रहावरून फुकट सुरू केलीय. ती पकडणारे रिसीव्हर अजून हौशी लोकांपुरतेच आहेत, पण फोनमध्ये काही वर्षांत काय येणार याचा अंदाज त्यावरून करा.

मसाई_पठार
ट्रेकवाल्यांसाठी पण काहीतरी सांगा. पन्हाळा ते पावनखिंड, एकाच वाटेनं सगळे चाललो तरी प्रत्येकाच्या घड्याळात वेगळे किलोमीटर. चहाला बसलो तरी माझं अंतर वाढतच राहतं.

लहर_आणि_लांबी
बसल्या जागी ठिपका दोन-तीन मीटर इकडं-तिकडं नाचतो आणि ॲप त्या नाचाचीही बेरीज करतं. चहाला ट्रॅक थांबवा. जंगलात पानं सिग्नल खातात, ओली पानं जास्तच.

पूररेषेच्या_आत
उंचीचं कुणीच बोललं नाही. आमचं घर पंचगंगेच्या काठच्या गावात. २०१९ ला पाणी खिडकीच्या वर होतं, २०२१ ला परत. दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायचं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मला एवढंच पाहिजे की बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. फोननं घराची उंची काढली तर एकदा ४७० मीटर, एकदा ५५०. कशावर विश्वास ठेवायचा?

साखळी_आणि_टिपण
दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, नकाशातली उंची समुद्रसपाटीपासून. जगात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या सगळ्यात खाली कुठं असेल तर ती भारताच्या दक्षिणेला, शंभर मीटरच्याही खाली. आपल्या जिल्ह्यात हा फरक साठ ते ऐंशी मीटरच्या मध्ये येतो. एक ॲप तो मिळवून दाखवतं, दुसरं नाही.

आणि उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते, कारण उपग्रह सगळे वरच्याच बाजूला. खालून येणारा एकही नाही. पुराच्या प्रश्नाला फुटाचा फरक म्हणजे सगळं आलं, तिथं फोनचं काम नाही.

तुमच्यासाठी जुनीच पद्धत सांगतो. २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून असेल. नसेल तर गावात कुणाच्या तरी भिंतीवर रंगानं लिहून ठेवलेली असतेच. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतला बुडबुडा पूर्ण जाऊ द्या. एक तोंड खुणेला, दुसरं तुमच्या उंबऱ्याजवळच्या भिंतीला. पाणी थांबलं की पेन्सिलीनं रेघ मारा आणि उंबऱ्यापर्यंत टेपनं मोजा. दोन्ही खुणा शंभर फुटांच्या आत असतील तर अर्ध्या सेंटिमीटरनंसुद्धा चुकणार नाही. त्या पुराची बंधाऱ्यावरची सर्वोच्च पातळी नोंदीत आहेच, तुमचा उंबरा तिच्यापेक्षा किती खाली ते वजा करा. नदीच्या पाण्याला उतार असतो, म्हणून बंधाऱ्यापासून लांबच्या गावात हे थोडं मागंपुढं होईल. पण दोन पुरांच्या खुणा घेतल्यात तर तोही हिशोब सुटतो.

पूररेषेच्या_आत
काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. नळी गवंड्याकडं आहे. या रविवारी करतो.

सांजप्रकाश
बाभळदादांसाठी एक भर. दुसऱ्या दिवशी परत मोजणार असाल तर त्याच वेळेला मोजू नका. जीपीएसचे उपग्रह साधारण २३ तास ५६ मिनिटांनी परत त्याच जागी येतात. तीच वेळ, तेच उपग्रह, विहिरीच्या पत्र्याच्या शेडवर आपटणारे तेच सिग्नल. आकडा जुळतो आणि आपल्याला वाटतं बरोबर आला. काही तासांचा फरक ठेवून घेतलेल्या मापांची सरासरी खरी कामाची.

ऊस डोक्याच्या वर गेला असेल तर सरीत उभं राहून घेऊ नका, बांधावर या. फोन छातीशी धरू नका, अंगामुळं निम्मं आभाळ झाकतं. ॲप उघडल्या उघडल्या बटण दाबू नका, एक-दोन मिनिटं थांबा. इंटरनेट चालू असलं की ठिपका लवकर येतो, कारण उपग्रहांची माहिती सावकाश आकाशातून घ्यायच्या ऐवजी नेटवरून मिळते. पण त्यानं तो जास्त अचूक होत नाही.

गच्चीवरचा_अँटेना
आणि बेस नसताना बेसचं काम विहिरीकडनं करून घ्या. विहिरीचा कठडा फोटोत स्पष्ट दिसतो. कारखान्याचा माणूस आला की आधी कठड्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्याला फोन धरून बिंदू घ्यायला सांगा. तो फोटोतल्या कोपऱ्यापासून जितका आणि ज्या दिशेला सरकलाय, तेवढंच चारी कोपऱ्यांतून वजा. फोनची चूक आणि फोटोची चूक, दोन्ही एकदम जातात, कारण तुम्हाला रान त्याच फोटोवर बसवायचंय. नंतर शेवटी परत कठड्यावर येऊन बघा. पहिला आणि शेवटचा बिंदू दोन मीटरच्या आत जुळला नाही तर मधलं सगळं परत करा.

बांधावरची_बाभळ
करून बघितलं. माझ्याच फोनवर, सकाळी, नेट चालू ठेवून. कठड्याचा बिंदू पूर्वेला सहा-सात मीटर सरकलेला होता आणि थोडा उत्तरेला. तेवढं वजा केलं तर आमचा बांध बांधावर बसला, अगदी बाभळीच्या सावलीपर्यंत. शेजारी पण शेवटपर्यंत उभारून बघत होता, कठड्यावर फोन त्यानंच धरला.

अडचण एवढीच की कारखान्याच्या ॲपमध्ये असं वजा करायची सोय नाही. शेती विभागाच्या माणसाला दाखवलं, तो म्हणाला कोपरे बोटानं ओढून सरकवता येतात, पण वरनं परवानगी लागते. अर्ज दिलाय.

मोजणीचं पण ठरलं. हद्दकायमचा अर्ज मी करतोय, फी निम्मी-निम्मी.

साखळी_आणि_टिपण
उत्तम. मोजणीच्या तारखेला ऊस तुटलेला असेल असं बघा, आणि जुने हद्दीचे दगड कुठं आहेत ते दोघांनी मिळून आधी उकरून ठेवा. भूकरमापक आल्यावर दगड शोधण्यात दिवस जातो.

झणझणीत_कट
निम्म्या फीचं तेवढं शेजाऱ्याकडनं आधी लिहून घ्या.